तिसरा थर

१

त्या मंगळवारी सकाळी मी कपडे धुण्याच्या यंत्राच्या दारापाशी अडले होते. यंत्रासोबत जी माहितीपुस्तिका येते आणि जी कोणी वाचत नाही, ती लिहिणं हे माझं काम. एकवीस वर्षं तेच करते आहे. वाक्य होतं, ‘दार उघडण्यापूर्वी ड्रम पूर्ण थांबल्याची खात्री करा.’ आता ‘खात्री करा’ ठेवावं की ‘खात्री करून घ्या’, यावर शेजारच्या टेबलावरच्या चित्रकाराशी माझी हुज्जत चालली होती. पुस्तिकेतल्या आकृत्या तो काढतो.

“बाई, ज्याला घाई आहे तो दार ओढणारच,” तो म्हणाला. “तुमच्या ‘घ्या’नं त्याचा हात थांबणार आहे का?”

“निदान आपण सांगितलं होतं, एवढं तरी राहील.”

“हो, आणि तो बोटांना पट्टी बांधून वाचेल.”

आम्ही हसत होतो तेवढ्यात फोन आला. दादाच्या कामावरच्या जोडीदाराचा.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. ते काम दोघांनी मिळून करायचं असतं. एक जण लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा राहतो, त्या अंधाऱ्या विहिरीत. दुसरा सगळ्यात वर, यंत्राच्या खोलीत. खालचा ओरडतो, ‘सोड!’ वरचा ‘सोडतो’ म्हणतो, मगच ब्रेक सुटतो. उत्तर आल्याशिवाय काहीही हलत नाही.

“ताई, जरा बाजूला येऊन बोलता का?” जोडीदार म्हणाला. मी जिन्यात गेले.

“मी तीनदा ‘सोड’ म्हटलं, ताई. तीनदा. वरून आवाजच नाही. शिव्या घालत वर चढलो. तर हा भिंतीला टेकून बसलेला, पक्कड मांडीवर. मला वाटलं, डुलकी लागली. मी त्याला आणखी एक शिवी दिली हो.”

मी त्याला म्हटलं, दादाला शिवीचं काही वाटलं नसतं, उलट परत केली असती. तो फोनवर रडू लागला. मी त्याचं रडणं थांबेपर्यंत ऐकलं. मग जागेवर येऊन ‘खात्री करून घ्या’ असं लिहिलं, फाइल जतन केली आणि पर्स उचलली.

घरी परतले ते गुरुवारी दुपारी. मागच्या खोलीचं दार उघडलं. जमिनीवर, दादाच्या खुर्चीसमोर, त्याच्या पेडलचा हिरवा दिवा लुकलुकत होता. बुधवार उलटून गेला होता आणि माझं काम राहिलं होतं.

२

हे पेडल म्हणजे काय ते सांगायला हवं. धंदा असल्यामुळे मी ते नीट सांगू शकेन असं वाटतं.

जेवणाचा चपटा डबा असतो तेवढी एक काळी वस्तू. अंग प्लास्टिकचं. वर बोटभर रुंदीचा पडदा, एक फिरवायचं बटण आणि पायानं दाबायची दोन बटणं. गिटारची वायर एका बाजूनं आत, हेडफोनची दुसऱ्या बाजूनं बाहेर. मोठे वादक एकेका परिणामासाठी एकेक लोखंडी पेटी घेतात आणि त्या पेट्यांची रांग पायाशी मांडून बसतात. हे पेडल म्हणजे ती सगळी रांग एका डब्यात, आणि तीही लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या आवाक्यातली. दादा त्याला ‘गरिबाचं सभागृह’ म्हणायचा.

स्वस्त वस्तूंबद्दल मी सावध असते. त्यांच्या पुस्तिका मीच लिहिते. त्या काय काय लपवतात ते मला माहीत आहे. पण या डब्यानं मला कधी फसवलं नाही. त्यात गंजलेल्या पत्र्यासारखा खरखरीत सूर होता, तसाच पाण्याखालून आल्यासारखाही. गिटार सुरात लावून द्यायचा, ताल धरायचा, एकच स्वर तीनदा परत करायचा. पासष्ट ध्वनी त्यात साठवता यायचे. पडद्यावर नुसते आकडे दिसायचे, म्हणून दादानं एका वहीत त्यांची नावं लिहिली होती. बारा म्हणजे ‘पाण्याची टाकी’. एकोणीस, ‘साहेबांचा घसा’. सत्तावीस, ‘विहीर’.

विहिरीवर त्यानं तीन रविवार घालवले. नवव्या मजल्यावरून लिफ्टच्या विहिरीत पाना पडला तर जो आवाज घुमत खाली जातो, तो त्याला हवा होता. बटण केसभर इकडे, केसभर तिकडे. मी पेपर वाचत बसायचे. तिसऱ्या रविवारी त्यानं एक तार छेडली. मी नकळत स्टूल धरलं.

“काय पुस्तिकाबाई,” तो खूश होऊन म्हणाला, “पडलात का खाली?”

वहिनी रुग्णालयात परिचारिका आहे. शनिवारी तिची रात्रपाळी असते, रविवारी सकाळी ती झोपते. म्हणून दादा बरोबर अकराला गिटार पाठीला लावून माझ्याकडे यायचा. पेडल माझ्याचकडे राहायचं. सहा वर्षांत त्याचे चार रविवार बुडाले असतील.

मला वाजवता येत नाही. मला त्यानं एकच काम दिलं होतं: जाड तार.

“तू फक्त सगळ्यात वरची जाड तार वाजव. चार सूर. बाकीचं मी बघतो.”

“आणि चुकले तर?”

“तर चुकीवर मी घर बांधतो. तुझी चूक म्हणजे पाया, कळलं का?”

पेडलमध्ये एक सोय आहे. वाजवलेला तुकडा ते धरून ठेवतं आणि गोल गोल फिरवत राहतं. त्यावर दुसरा तुकडा चढवता येतो, त्यावर तिसरा. आम्ही त्याला थर म्हणायचो. आमची पद्धत ठरलेली होती. पहिला थर दादाचा, रविवारी. दुसरा माझा, बुधवारपर्यंत कधीही, एकटीनं, कारण त्याच्यासमोर मी तार चुकायचे. त्यासाठी त्याची जुनी गिटार भिंतीवर टांगलेली असायची. तिसरा पुन्हा त्याचा, पुढच्या रविवारी. दुसऱ्याची पाळी कोणी मोडायची नाही, आणि तिसरा होईपर्यंत दुसऱ्याचा थर कोणी पुसायचा नाही.

यात एकच गोम होती. डबा स्वस्त. वीज गेली की धरून ठेवलेला तुकडा तो विसरतो. पुस्तिकेत पान अकरावर तसं छापलेलंच आहे, मोडक्यातोडक्या भाषेत पण स्पष्ट. म्हणून पेडल कधीच बंद करायचं नाही. दादानं त्याला लिफ्टमधल्या दिव्याची जुनी बॅटरी जोडून दिली होती.

“लिफ्ट अडकली तरी आतला दिवा विझता कामा नये,” तो म्हणायचा. “माणसं अडकल्याला घाबरत नाहीत गं, अंधाराला घाबरतात.”

३

शेवटच्या रविवारी त्यानं वाजवलेला पहिला थर बत्तीस सेकंदांचा आहे. आवाज सत्तावीस नंबरचा, विहिरीचा. वरून हळूहळू उतरत येणारे सूर, एकेक मजला खाली आल्यासारखे. मग शेवटी सहा सेकंद काहीच नाही. ती जागा त्यानं माझ्यासाठी सोडली होती. माझ्या चार जाड सुरांसाठी.

त्याच्या वाजवण्याची दुसरी एकही खूण शिल्लक नाही. तो रेकॉर्डिंग करू द्यायचा नाही. ‘वाजवून झालं की झालं,’ म्हणायचा. तिसरा थर चढवून तिन्ही ऐकून झाले की स्वतःच बटण दाबून धरायचा आणि सगळं पुसून टाकायचा. दोन सेकंद धरलं की संपलं.

दहाबारा दिवसांनी भाची आली. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. बापासारखेच लांब हात. मी हेडफोनऐवजी छोटा स्पीकर जोडला आणि बटण दाबलं. ती जमिनीवर मांडी घालून ऐकत होती. पाच वेळा ऐकलं तिनं.

“शेवटी थांबलेत का असे?”

“ती माझी जागा आहे.”

“मग वाजव ना, आत्या.”

“वाजवेन.”

तिनं फोन स्पीकरजवळ धरून तो तुकडा टिपून घेतला. एक फेरी पूर्ण, दुसरी पूर्ण. “आईला ऐकवते,” म्हणाली. दारात वळून पुन्हा म्हणाली, “बंद नको करू हां.”

मी कुठे बंद करणार होते.

४

त्यानंतरच्या आठवड्यात इमारतीच्या जिन्यात चिठ्ठी लागली: मीटर बदलायचे आहेत, गुरुवारी अकरा ते एक वीज बंद. मी रजा घेतली. दादाची बॅटरी तीन तास टिकते हे आम्ही करून पाहिलेलं होतं. दोन तासांना ती पुरून उरली असती.

एक वाजला. दीड वाजला. मी खाली गेले. मीटरच्या कपाटासमोर वीजवाले दोघं उकिडवे बसले होते.

“अजून किती वेळ?”

“बाई, तुमच्या इमारतीतल्या वायरी बघा एकदा येऊन. हे कोणी केलंय त्याला शोधतोय आम्ही.”

“माझं एक यंत्र आहे, ते बंद पडून चालणार नाही.”

त्यातला वयस्कर एकदम उभा राहिला. “ऑक्सिजनचं?”

“नाही.” “गाण्याचं आहे,” म्हटलं. तो पुन्हा बसला, पण हसला नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी खोलीत बसलेली असताना पडदा आधी फिका झाला आणि मग विझला. हिरवा दिवा आणखी थोडा वेळ लुकलुकला. मग तोही गेला. दुपारचं लख्ख ऊन होतं, खोलीत काहीच बदललं नाही. त्या मंगळवारपासून मी रडले नव्हते. तेव्हा रडले, पंधरावीस मिनिटं, नीट.

वीज आली चार वाजता. पेडलचा पडदा उजळला, आकडे धावले, सत्तावीसवर थांबले. मी त्याच्याकडे बघत उभी होते. आता तो दिवा लागणार नव्हता. आत काहीच नव्हतं.

दिवा लुकलुकला. हिरवा.

मी हेडफोन लावून बटण दाबलं. पहिला सूर, विहिरीच्या अगदी वरून आलेला. बत्तीस सेकंद, जसेच्या तसे.

मला आनंद झाला, एवढंच खरं आहे. मी त्या डब्यावर हात ठेवून त्याला शाबासकी दिली. पान अकरा चुकीचं होतं. पुस्तिका चुकतात, मी स्वतः एकदा एका पंख्याला नसलेली चौथी गती दिली होती.

५

आवाज मला त्याच संध्याकाळी सापडला. मोकळ्या सहा सेकंदांत, मधोमध, एक ठक्क. हलकासा. पायाचं बटण दाबून सोडल्यासारखा.

भाचीनं टिपलेलं मी फोनवर मागवून घेतलं. त्यात तो नव्हता. दोन्ही फेऱ्यांमध्ये ते सहा सेकंद कोरे होते.

पुस्तिकेच्या शेवटी आम्ही एक तक्ता देतो. अडचण, संभाव्य कारण, उपाय. कागद घेऊन मी तसा तक्ता आखला. अडचण: ठक्क. कारण एक: वीज आली तेव्हाचा झटका. कारण दोन: वायर बसते ती खाच सैल. कारण तीन लिहायला आकडा घातला आणि पुढची जागा मोकळी राहिली.

शनिवारी वाद्यांच्या दुकानात गेले. हे पेडल दादानं तिथूनच घेतलं होतं. दुकानदार पोटाशी गिटार धरूनच बोलतो, लेकरू धरावं तशी.

“दादांचं ना? उत्तम वस्तू. लोक नाक मुरडतात प्लास्टिक बघून. मी म्हणतो, डोळे मिटून ऐका आणि मग मुरडा.”

मी विचारलं की वीज गेल्यावर तुकडा राहू शकतो का.

“छे. ह्या मॉडेलात नाही. राहिला तर मलाच सांगा, मी दहा आणखी मागवतो.”

“आणि गिटार जोडलेली नसताना त्यात काही उमटू शकतं? खोलीतला आवाज, वगैरे?”

“ताई, गिटारला कान नसतात.” त्यानं तारांखालची धातूची पट्टी मला दाखवली. “हा चुंबक. याला फक्त पोलादी तारेची थरथर कळते. तुम्ही इथं बोंबललात तरी याला पत्ता नाही. आणि वायरच काढलेली असेल तर डबा ठार बहिरा. ऐकणार कशानं?” मग माझ्याकडे नीट बघून आवाज खाली आणला. “दादांच्या हाताला वळण होतं हो. इथं उभे राहून वाजवायचे तेव्हा माझा नोकर हिशेब चुकायचा.”

घरी येऊन पाहिलं. गिटार भिंतीवर होती. वायर गुंडाळून खिळ्याला अडकवलेली होती, वीज गेली त्या गुरुवारच्याही आधीपासून तशीच. पेडलची गिटारसाठीची खाच रिकामी होती.

हेडफोन लावले. आता ठक्कनंतर आणखी काहीतरी होतं. खुर्चीचं करकरणं. भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर घेतल्याचं.

आणि त्यावर विहीर नव्हती. सत्तावीस नंबरमधून जे जाईल ते घुमणारच, ते त्याचं काम. दादाचे सूर घुमत होते. हे करकरणं कोरडं होतं, जवळचं, हाताच्या अंतरावरचं.

६

पुढचे काही दिवस मी रोज एकदा ऐकत असे. कचेरीतून आल्यावर, चहा घेऊन, दिवे लावायच्या आधी. दिवसाआड काहीतरी वाढलेलं असे. टाचेचा जमिनीवर संथ ताल. खिशातल्या किल्ल्यांची किणकिण. एकदा नाकानं घेतलेला मोठा श्वास, तो अवघड जागा वाजवण्याआधी घ्यायचा तसा. आधी सगळं त्या सहा सेकंदांत होतं. मग ते सुरांच्या खालीही पसरू लागलं.

मी घाबरले का? हो. पण त्या भीतीत मी पायातल्या चपला न वाजवता खोलीत जायला शिकले, कोणाची लय मोडू नये म्हणून. हेही खरंच आहे.

भाचीला बोलावलं. काही सांगितलं नाही. “आवाज साफ येतोय का बघ,” एवढंच म्हटलं आणि हेडफोन दिले. ती ऐकत असताना मी तिचा चेहरा बघत होते. पहिल्या फेरीला ती हसली. दुसऱ्या फेरीला हसू तसंच राहिलं, पण डोळे खोलीत फिरू लागले. खुर्चीवर गेले, तिथून दाराकडे, तिथून स्वयंपाकघराच्या बाजूला.

तिनं हेडफोन काढले आणि मांडीवर धरले.

“आत्या, तुझा नळ कधीपासून ठिबकतोय?”

“झाले आठ-दहा दिवस. का?”

“यात ठिबकतोय.”

स्वयंपाकघरातून ते येत होतं: टप्. मग बराच वेळ काही नाही. मग टप्. दादा गेला तेव्हा तो नळ नीट होता.

“तू टिपलंयस का हे नंतर?” तिनं विचारलं. “माझी शप्पथ?”

“तुझी शप्पथ. मी हात लावलेला नाही.”

मला वाटलं होतं ती उठून जाईल. ती हात लांब करून पेडलजवळ गेली, पण बोट टेकवलं नाही. तापलेल्या भांड्याला लावावं की नाही असं.

“बाबा वाजवत का नाहीयेत?” ती म्हणाली. “नुसते बसलेत.”

ते मला सुचलं नव्हतं. पोरीला सुचलं. त्या सगळ्या वाढलेल्या आवाजांत तारेचा एकही आवाज नव्हता. कोणीतरी येऊन बसलं होतं, ताल धरत होतं, श्वास घेत होतं, आणि एकही सूर लावत नव्हतं.

“माझी पाळी आहे ना,” मी म्हटलं. “दुसरा थर झाल्याशिवाय तिसरा नाही.”

“आणि तू टाकलास की?”

ती उठली, चपला घालताना भिंतीला धरलं. “आईला नको सांगू,” म्हणाली. आणि मग, “पण बंद नको करू.”

७

त्यानंतरचा रविवार होता. सकाळी वहिनीशी फोनवर बोलले होते. ती पाळीवरून आली होती, झोप लागत नव्हती, दादाच्या चपला दारातून उचलाव्यात की नाही असं विचारत होती. मी म्हटलं, राहू देत. नळाखाली भांडं ठेवलं. भाजी चिरायला घेतली. घड्याळाकडे माझं लक्ष नव्हतं. लक्ष असतं तर मी अकरा वाजता त्या खोलीकडे गेले नसते.

गेले ते सवयीनं. सहा वर्षांची सवय. अकराला पाय तिकडे वळतात. ओले हात पुसत, सपाता फटफटत, बोळातून. दार अर्धवट लोटलेलं होतं. ते ढकललं आणि तोंडातून निघून गेलं, दर रविवारी निघायचं तसंच, चहा विचारण्याआधी.

“दादा?”

खोली रिकामी होती. ऊन खुर्चीच्या पायांपर्यंत आलेलं. पेडलचा दिवा हिरवा नव्हता.

हिरवा लुकलुकतो म्हणजे आत काहीतरी थांबलेलं आहे. हिरवा स्थिर म्हणजे ते वाजतं आहे. लाल म्हणजे पहिला थर टिपला जातो आहे. आणि केशरी म्हणजे वर नवा थर चढतो आहे.

केशरी होता.

मी हलले नाही. किती वेळ ते सांगता येणार नाही. फेरी बत्तीस सेकंदांची असते, त्याहून जास्त नसणार. मग बटणाचा आवाज आला, ठक्क, आणि या वेळी तो हेडफोनमध्ये नव्हता. दिवा हिरवा झाला आणि लुकलुकू लागला.

मी जाऊन गुडघ्यांवर बसले. हेडफोन लावले. बटण हातानं दाबलं.

दादाचे सूर विहिरीतून उतरू लागले. त्यांच्या मागे, लांब, फटफट. कोणाच्या तरी सपाता. त्या बोळातून जवळ येत होत्या. मला त्या ओळखायला वेळ लागला, कारण आपलं चालणं आपण बाहेरून कधी ऐकत नाही. दार करकरलं. मग एका बाईचा आवाज, थोडा घोगरा, मला वाटत होता त्यापेक्षा म्हातारा.

“दादा?”

तो आवाज दारातून आला होता, आणि ऐकणारा आत होता. खुर्चीच्या उंचीवर.

सूर संपले. सहा सेकंद सुरू झाले. श्वास. किल्ल्या. मग फरशीवर लाकूड घासल्याचा एक लांब आवाज, जो मला दारात उभी असताना ऐकू आला नव्हता, आणि शांतता. फेरी पुन्हा वरून सुरू झाली.

मी हेडफोन काढून मागे पाहिलं. माझं स्टूल भिंतीशी असतं. ते खुर्चीच्या शेजारी होतं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. फरशीवर त्याच्या एका पायाची भिंतीपासून तिथपर्यंत पांढरी रेघ उमटली होती.

८

याला आता सात आठवडे झाले. मी तक्ता फाडून टाकला. चित्रकार मध्यंतरी म्हणाला, “बाई, तुमची वाक्यं छोटी होत चालली आहेत.” मी म्हटलं, लोकांना बरं.

त्या रविवारनंतर पेडलमध्ये काहीही वाढलेलं नाही. रोज ऐकते. तितकंच आहे. स्टूल मी परत भिंतीशी नेलेलं नाही.

मला दोन गोष्टी करता येतात. बटण दोन सेकंद दाबून धरता येईल. मग त्याचे सूरही जातील, आणि ते मला जमणार नाही. किंवा चार सूर वाजवता येतील. मला ते येतात. मी ते दुसऱ्या खोलीत, पेडल न जोडता, शंभरदा घोकले आहेत, आणि एकदाही चुकले नाही. मग पाळी त्याची असेल. सहा वर्षांत एखादा रविवार बुडाला तरी त्यानं पाळी कधी चुकवली नाही, आणि माझ्याही चुकांवर त्यानं घरंच बांधली. तो काय वाजवेल ते मला ऐकायचं आहे. या जगात दुसरं काही मला इतकं ऐकायचं नाही. पण तिसरा थर झाला की तो उठायचा, सगळं पुसायचा आणि जायचा. आणि यावेळी कोणाला घेऊन, तेही मला कळत नाही.

भाचीचा फोन येतो.

“चालू आहे ना?”

“चालू आहे.”

“वाजवलंस?”

काल रविवार होता. अकराला मी स्टुलावर बसले. भिंतीवरची गिटार काढली, वायर जोडली, जाड तार सुरात लावली. दादाचा थर एकदा पूर्ण जाऊ दिला, दुसऱ्यांदा जाऊ दिला. पाय बटणावर तोलून धरला होता. शेजारची खुर्ची किंचित करकरली. मी तिकडे पाहिलं नाही. सहा सेकंद आले आणि गेले, आले आणि गेले, पोटरी भरून येईपर्यंत. मग मी पाय खाली घेतला आणि वायर काढली.

दुसरा थर मी अजून टाकलेला नाही.